प्रकरण सातवे : आकाशाची राखण

सोलापूरचा भुईकोट किल्ला ज्यांनी बांधला, त्यांच्या डोळ्यांपुढे जमिनीवरून चालून येणारा शत्रू होता. आणि त्या शत्रूचा विचार त्यांनी इतक्या बारकाईने केला होता, की एका तटावर समाधान न मानता त्यांनी तटाच्या आत दुसरा तट घातला, तीन बाजूंना पाण्याचा खंदक खणला आणि चौथ्या, पूर्वेकडच्या बाजूला सिद्धेश्वराच्या तळ्याचाच आश्रय घेतला. बहामनी अमदानीत ज्याचा पाया पडला, निजामशाही आणि आदिलशाही यांच्यात जो पिढ्यान् पिढ्या कलहाचे कारण होऊन राहिला, आणि मे १८१८ मध्ये इंग्रज सेनानी मन्रोच्या फौजेच्या हाती जो अखेर पडला, तो हा किल्ला संरक्षणशास्त्रातील एका सिद्धांताचे दगडी रूप आहे. कोणताही एक अडसर अभेद्य नसतो; परंतु प्रत्येक अडसरापाशी शत्रूला थोडा वेळ वेचावा लागला, आणि तेवढ्या अवकाशात तो कोण, किती बळाचा आणि कोणत्या रोखाने येतो हे आतल्या शिबंदीला कळले, म्हणजे तटबंदीचे काम झाले, असा तो सिद्धांत होय.

या प्रकरणात ज्या शत्रूचा विचार करावयाचा आहे, त्याला खंदकाची क्षिती नाही आणि तटाची उंची त्याच्या खिजगणतीतही नाही. वैमानिकावाचून उडणारे, कधी दूरवरच्या चालकाच्या आज्ञेने तर कधी आधीच नेमून दिलेल्या मार्गाने जाणारे हे यान, ज्याला आपण सर्रास ड्रोन म्हणतो, ते आकाराने लहान, किमतीने अल्प आणि वापरास सोपे असल्यामुळे, पूर्वी केवळ बलाढ्य राष्ट्रांच्या वायुदलांजवळ असलेली शक्ती आज लहानशा टोळीच्याही हाती येऊ शकते. तरीही त्याला अडविण्याचे शास्त्र पाहू गेल्यास तटामागे तट घालण्याचा तो जुनाच सिद्धांत त्यात पुन्हा प्रकट झालेला दिसतो. मात्र या नव्या तटबंदीत सर्वांत बाहेरचा आणि सर्वांत महत्त्वाचा तट शस्त्राचा नसून ओळखीचा आहे, हे या प्रकरणाचे मुख्य प्रतिपादन आहे.

अंतराचे कवच

सोलापूर हा सीमावर्ती जिल्हा नव्हे. तेव्हा पठाराच्या मध्यभागी वसलेल्या या मुलुखाला आकाशातून येणाऱ्या शत्रूची चिंता का असावी, असा प्रश्न वाचकाच्या मनात उभा राहणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर गेल्या काही वर्षांच्या घटनांत सापडते. १४ सप्टेंबर २०१९ रोजी सौदी अरेबियातील अबकैक येथील तेलप्रक्रिया केंद्रावर ड्रोन आणि क्षेपणास्त्रे यांचा हल्ला झाला, आणि त्या देशाचे जवळजवळ निम्मे तेलउत्पादन काही काळ बंद पडले. २७ जून २०२१ च्या पहाटे जम्मूच्या वायुदल तळावर ड्रोनमधून टाकलेल्या स्फोटकांचे दोन स्फोट झाले. हानी अल्प झाली, दोन जवान किरकोळ जखमी झाले, परंतु भारतातील लष्करी ठाण्यावर अशा साधनाने झालेला तो पहिलाच आघात असल्याने त्याचा अर्थ हानीपेक्षा कितीतरी मोठा होता. पुढे मे २०२५ मधील ऑपरेशन सिंदूर या भारताच्या लष्करी कारवाईच्या काळात, ८ आणि ९ मे यांच्या दरम्यानच्या एका रात्रीत पाकिस्तानने छत्तीस ठिकाणी सुमारे तीनशे ते चारशे ड्रोन पाठविल्याचे भारत सरकारने जाहीर केले.

या घटनांनंतरही कोणी अंतराचाच भरवसा धरील, तर त्याने १ जून २०२५ चा युक्रेनचा पराक्रम अभ्यासावा. त्या दिवशी युक्रेनने मालमोटारींवरील लाकडी खोल्यांच्या छपराखाली लपवून रशियाच्या अंतर्भागात नेलेले ११७ ड्रोन दुरून आज्ञा देऊन उडविले, आणि युक्रेनपासून चार हजार किलोमीटरांहून अधिक दूर असलेल्या सैबेरियातील तळावरची अवजड बाँबफेकी विमाने जाळली. येथे ड्रोनने उडत सीमा ओलांडलीच नाही. त्याला लक्ष्याजवळ मालमोटारीने आणून सोडले. पुणे–हैदराबाद महामार्ग ज्या शहरातून जातो आणि मुंबई–चेन्नई लोहमार्गावरचे जे प्रमुख स्थानक आहे, त्या सोलापुराने या घटनेचा बोध घेतला पाहिजे.

राखण्यासारखे या जिल्ह्यात काय आहे, याची यादी लहान नाही. दक्षिण सोलापूर तालुक्यातील फताटेवाडी येथे एनटीपीसीचे १,३२० मेगावॉट क्षमतेचे औष्णिक वीजकेंद्र आहे. भीमेवरचे उजनी धरण आहे, ज्याच्या पाण्यावर जिल्ह्यातला ऊस आणि शहराचा घसा दोन्ही अवलंबून आहेत. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची विद्युतवाहिनी सुरू झाली, आणि तोपर्यंत स्वतंत्र कंप्रतेने चालणारे दक्षिण भारताचे विद्युतजाल उर्वरित देशाच्या जालाशी एकजीव झाले. संपूर्ण देशाचे एक जाल होण्याची ती अखेरची गाठ सोलापूरच्या भूमीवर पडली आहे. आणि या सर्वांहून नाजूक ठेवा म्हणजे आषाढी एकादशीला पंढरपुरी चंद्रभागेच्या वाळवंटात जमणारा लाखो वारकऱ्यांचा समुदाय, आणि मकरसंक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराच्या यात्रेत लोटणारा जनसागर. यंत्राची हानी भरून निघते. गर्दीत एका स्फोटाने किंवा स्फोटाच्या नुसत्या अफवेने उडालेल्या चेंगराचेंगरीची हानी भरून निघत नाही.

ओळखीचा तट

शत्रूचे ड्रोन थांबविण्यापूर्वी ते दिसले पाहिजे, आणि दिसल्यावर ते शत्रूचेच आहे हे कळले पाहिजे. या दोन्ही गोष्टी वाटतात तितक्या सोप्या नाहीत. रडार हे यंत्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मोठमोठी धातूची विमाने हुडकण्यासाठी सिद्ध झाले. रडारने सोडलेली लहर वस्तूवर आपटून परत येते. परंतु लहान ड्रोनचे रडारवरचे प्रतिबिंब चौरस मीटरच्या शतांशाइतके क्षुद्र असते. परतणाऱ्या लहरीचे बळ अंतराच्या चौथ्या घाताने घटत असल्यामुळे, प्रतिबिंब शंभर पटींनी लहान झाले की त्याच रडारची नजर सुमारे एक तृतीयांश अंतरावरच खिळते. त्यात ड्रोन उडते ते झाडांच्या शेंड्यांलगत, जेथे जमिनीवरून, इमारतींवरून आणि धुराड्यांवरून परतणाऱ्या लहरींचा गोंधळ माजलेला असतो. आणि त्याची गती पक्ष्याच्या गतीजवळची असल्याने, मंद गतीच्या वस्तू गाळून टाकण्याची जी रीत जुन्या रडारांत होती, तिच्या चाळणीत तेही सहज गाळले जाते.

पक्ष्यांची ही अडचण सोलापूरच्या बाबतीत पुस्तकी नाही. हिवाळ्यात उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, आणि माळढोकासाठी राखलेल्या नान्नजच्या माळरानावर शिकारी पक्षी तासन् तास घिरट्या घालतात. या सर्वांवर धोक्याची घंटा वाजू लागली, तर पहारेकरी चार दिवसांत घंटेकडे दुर्लक्ष करू लागेल, आणि पाचव्या दिवशी खरा शत्रू येईल. यावर शास्त्रज्ञांनी काढलेला उपाय विलक्षण सुंदर आहे. पंखांची फडफड सेकंदाला मोजक्या वेळा होते, उलट ड्रोनच्या पंख्याची पाती मिनिटाला हजारो फेरे घेतात. या फिरण्यामुळे परतलेल्या लहरीच्या कंप्रतेत जो सूक्ष्म थरथराट उमटतो, तो टिपून आधुनिक रडार सजीव पंख आणि यांत्रिक पंखा यांत भेद करते.

तथापि एकट्या रडारवर विसंबणे म्हणजे एकाच तटावर विसंबणे होय. म्हणून त्याच्या जोडीला रेडिओ लहरींचा कानोसा घेणारी यंत्रे असतात. सामान्य ड्रोन आणि त्याचा चालक यांच्यातला संवाद बहुधा २.४ किंवा ५.८ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो. तो पकडला तर ड्रोनचा प्रकार कळतो, आणि पुष्कळदा चालक कोठे दडला आहे याचाही माग लागतो. हे यंत्र स्वतः एकही लहर सोडत नसल्याने शत्रूला त्याचा पत्ता लागत नाही. परंतु जे ड्रोन कोणाशी बोलतच नाही, जे स्मरणातला मार्ग आक्रमते किंवा मागे काचतंतूचा बारीक धागा उलगडत त्यातून आज्ञा घेते, त्याच्यापुढे हा कानोसा निरुपयोगी ठरतो. तिसरे साधन दृष्टीचे : दिवसा साधा कॅमेरा, रात्री उष्णता टिपणारा. चौथे साधन श्रवणाचे : पंख्यांची घरघर ऐकणारे ध्वनिग्राहक, ज्यांची हजारोंच्या संख्येची साखळी युक्रेनने आपल्या देशभर उभारली आहे. परंतु सिद्धेश्वर यात्रेत होम मैदानावर शोभेचे दारूकाम चालू असताना कान बधिर होतील आणि डोळे दिपून जातील, हे ध्यानात घेतले म्हणजे चारही साधने एकत्र का हवीत याचा उलगडा होतो. एकाचे वैगुण्य जेथे सुरू होते, तेथे दुसऱ्याचे सामर्थ्य उभे असावे, हीच या तटाची रचना.

शब्द तोडण्याचा तट

ड्रोन ओळखले गेल्यावरचा पहिला प्रतिकार स्फोटाचा नसतो. चालक आणि यान यांच्यातील संवादावर त्याहून प्रबळ लहरींचा मारा करून तो संवाद बुडवून टाकणे, किंवा उपग्रहांकडून येणारे स्थानदर्शक संकेत झाकोळून यानाची दिशाभूल करणे, या रीतीला जॅमिंग म्हणतात. संवाद तुटलेले साधे ड्रोन आपल्या रचनेप्रमाणे एक तर जागच्या जागी तरंगते, नाही तर खाली उतरते, नाही तर जेथून निघाले तेथे परत जाते. आणि या शेवटच्या प्रकारात ते आपल्या धन्याचा ठावठिकाणाही दाखवून देते. संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेने, म्हणजे डीआरडीओने, घडविलेल्या आणि भारत इलेक्ट्रॉनिक्सने निर्माण केलेल्या ‘डी-फोर’ या प्रणालीत हा तट आणि पुढचा संहाराचा तट एकत्र बांधलेले आहेत. सुमारे ४ किलोमीटरवरचे लहान ड्रोन रडारने टिपावे, रेडिओ लहरींनी त्याचा संवाद तोडावा, आणि तरीही ते पुढे सरकलेच तर दीडशे मीटर ते एक किलोमीटर या टप्प्यात लेसर किरणाने त्याला जाळावे, अशी तिची योजना आहे. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी भारतीय नौदलाने या प्रणालीच्या खरेदीचा करार केला.

या आकड्यांकडे काळाच्या दृष्टीने पाहिले पाहिजे. सेकंदाला २० मीटर वेगाने येणारे ड्रोन ४ किलोमीटरवर दिसले, तर रक्षकांच्या हाती अवघे २०० सेकंद असतात. ते लेसरच्या टप्प्यात शिरते तेव्हा ५० उरतात. एवढ्या अवधीत पाहणे, ओळखणे, वरिष्ठाचा हुकूम मिळणे आणि प्रहार करणे हे सारे उरकावे लागते. ओळखीला मी सर्वांत बाहेरचा तट का म्हटले, ते या हिशेबावरून स्पष्ट व्हावे : ओळखीत दवडलेला प्रत्येक क्षण शस्त्राच्या क्षणांतून वजा होतो.

संहाराचा तट

जे ड्रोन कोणाचे ऐकत नाही, त्याला तोडूनच पाडावे लागते. आणि येथे अर्थशास्त्र युद्धशास्त्राइतकेच निर्णायक ठरते. काही हजार डॉलरांचे ड्रोन पाडण्यासाठी तीस-चाळीस लाख डॉलरांचे क्षेपणास्त्र खर्ची घातले, तर प्रत्येक यशागणिक रक्षकच कंगाल होत जातो. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी हुरड्यात आली, म्हणजे शेतकरी माळ्यावर उभा राहून गोफणीने पाखरे हाकतो. त्या कामी बंदूक वापरण्याची ऐपत असली तरी तो ती वापरीत नाही, कारण पाखरे असंख्य असतात आणि राखण रोजची असते. ड्रोनच्या थव्यांविरुद्ध जगाला आज अशाच गोफणीची गरज आहे.

ही गोफण घडविण्याचा एक गंभीर प्रयत्न महाराष्ट्रातच झाला आहे, ही अभिमानाची गोष्ट होय. नागपूरच्या सोलर डिफेन्स अँड एरोस्पेस या कंपनीने ‘भार्गवास्त्र’ नावाची प्रणाली निर्माण केली असून, थव्याने येणाऱ्या ड्रोनांवर लहान लहान रॉकेटांचा मारा करणे हे तिचे सूत्र आहे. सहा किलोमीटरांहून अधिक अंतरावर लहान ड्रोन टिपावे आणि अडीच किलोमीटरपर्यंत त्याचा नाश करावा. पहिल्या थरात दिशादर्शन नसलेली सूक्ष्म रॉकेटे असावीत, ज्यांच्या स्फोटाने सुमारे २० मीटर त्रिज्येतील ड्रोन निकामी व्हावेत, आणि दुसऱ्या थरात नेमक्या लक्ष्याचा वेध घेणारे सूक्ष्म क्षेपणास्त्र असावे, अशी ही रचना आहे. १३ मे २०२५ रोजी ओडिशातील गोपाळपूर येथे सेनेच्या हवाई संरक्षण विभागाच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांसमक्ष तिच्या रॉकेटांच्या तीन चाचण्या झाल्या : दोनदा एकेक रॉकेट आणि एकदा दोन सेकंदांच्या आत दोन रॉकेटे सोडण्यात आली, आणि चारही अपेक्षेप्रमाणे चालली.

स्वस्त प्रहाराचे दुसरे साधन तोफ. स्वीडनच्या बोफोर्स कारखान्यात मूळ घडलेली ४० मिलिमीटरची एल-७० ही तोफ कालबाह्य झाली असे पुष्कळांना वाटत होते. परंतु नवे रडार आणि नवी दृष्टी जोडून देताच मे २०२५ मध्ये याच तोफेने सीमेवर ड्रोन पाडण्याचे काम चोख बजावले. तिसरे साधन लेसर, ज्याच्या प्रत्येक प्रहाराला केवळ विजेचा खर्च येतो. १३ एप्रिल २०२५ रोजी कर्नूल येथे डीआरडीओने ३० किलोवॉट शक्तीच्या लेसर अस्त्राचे यशस्वी प्रात्यक्षिक केले. धूळ, धुके आणि पाऊस यांत किरणाचे बळ क्षीण होते, ही त्याची मर्यादा आहे. याखेरीज शत्रूच्या ड्रोनवर झेपावणारे रक्षक ड्रोन आहेत. आणि सर्वांत साधा उपाय म्हणून रस्त्यांवर ताणलेली जाळी आणि विद्युत रोहित्रांभोवती रचलेल्या दगडगोट्यांच्या भिंतीही आहेत, ज्यांचा युक्रेनने मुबलक वापर केला आहे.

परंतु कोणते साधन कोठे वापरावे, हा विवेक साधनाइतकाच मोलाचा आहे. वीजकेंद्राच्या ओसाड आवारावर जे रॉकेट चालेल, ते चंद्रभागेच्या वाळवंटावर कदापि चालणार नाही. कारण आकाशात फुटलेली प्रत्येक वस्तू खाली येते, आणि खाली माणसे असतात. संवाद तोडण्याचा उपायही तेथे निर्धोक नाही, कारण भरकटलेले ड्रोन गर्दीतच कोसळू शकते, आणि हरवलेल्या वारकऱ्याचा शोध ज्या दूरध्वनीने लागावयाचा, तोही त्याच लहरींच्या माऱ्यात मुका होण्याची शक्यता असते. विमानतळानजीक उपग्रहसंकेत झाकोळले तर उतरणारे प्रवासी विमानच संकटात पडेल. होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून जून २०२५ पासून गोव्याकडे विमाने जाऊ लागल्याने सोलापूरला ही चिंता नव्याने वाहावी लागणार आहे.

एकसूत्रता

रडार एकाचे, तोफ दुसऱ्याची आणि हुकूम तिसऱ्याचा अशी स्थिती असेल, तर दोनशे सेकंद पुरणार नाहीत. या अडचणीवर सेनेने भारत इलेक्ट्रॉनिक्सकडून ‘आकाशतीर’ ही प्रणाली घडवून घेतली. ठिकठिकाणच्या रडारांनी पाहिलेले आकाश ती एकाच चित्रात गुंफते, त्या चित्रातील आपले कोण आणि परके कोण हे ठरविण्यास साहाय्य करते, आणि ज्या तुकडीला प्रहार करणे सोयीचे तिला क्षणार्धात सूचना देते. मे २०२५ च्या संघर्षात तिने आपली उपयुक्तता सिद्ध केली. २३ ऑगस्ट २०२५ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर क्षेपणास्त्रांचे दोन प्रकार आणि लेसर अस्त्र यांना एकाच आज्ञाकेंद्राखाली बांधणाऱ्या प्रणालीची पहिली चाचणीही झाली. या दोन्ही प्रयत्नांचे मर्म एकच आहे : अनेक तटांना एक मन असले पाहिजे.

कायदा आणि रयत

सीमेवर उडणारी अनोळखी वस्तू शत्रूची समजता येते. जिल्ह्याच्या अंतर्भागात तसे समजता येत नाही, आणि म्हणून मुलकी प्रदेशातले रक्षण सीमेवरच्या रक्षणाहून एका अर्थी अधिक अवघड आहे. आज सोलापूर जिल्ह्याच्या आकाशात लग्नाचे छायाचित्रण करणारे ड्रोन आहेत, भूमापनाचे आहेत, ऊस आणि डाळिंब यांवर औषध फवारणारे आहेत. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेने तर देशातील पंधरा हजार महिला बचतगटांच्या हाती ड्रोन देण्याचे ठरविले आहे. पंढरीच्या वारीत गर्दीचे नियमन करण्यासाठी पोलीस स्वतः ड्रोन उडवितात. या हजार मित्रांत एक शत्रू शोधावयाचा आहे.

हे काम बऱ्याच अंशी कायद्याच्या दप्तरात होते. २५ ऑगस्ट २०२१ रोजी अमलात आलेल्या ड्रोन नियमांनी यानांचे वजनानुसार पाच वर्ग पाडले, प्रत्येक यानाला नोंदणीचा विशिष्ट क्रमांक दिला आणि आकाशाचे हिरवे, पिवळे व तांबडे असे विभाग केले. चालू विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरांच्या आत जमिनीपासूनच परवानगी लागते. त्यापुढे बारा किलोमीटरपर्यंत २०० फूट आणि इतरत्र मोकळ्या विभागात ४०० फूट उंचीपर्यंत मुभा आहे. पोलीस अधीक्षकाच्या किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला एखादा भाग एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरता निषिद्ध ठरविता येतो. वारीच्या दिवसांत या अधिकाराचे मोल केवढे आहे! ज्या आकाशात कोणालाच उडण्याची मुभा नाही, तेथे उडणारी प्रत्येक वस्तू आपोआप संशयित ठरते, आणि जे ओळखायला रडारला शतसायास पडतात ते एका हुकूमनाम्याने निम्मे सुकर होते.

उरलेला अर्धा भाग लोकांचा आहे. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे, तेव्हाचे अहमदनगर, बीड, जालना या जिल्ह्यांतील गावोगावी रात्री ड्रोन घिरट्या घालीत असल्याच्या वार्तांनी असा काही थरकाप उडविला, की माणसे काठ्या घेऊन रात्रभर जागू लागली, आणि चोरांनी टेहळणी चालविली आहे अशा अफवा वाऱ्यासारख्या पसरल्या. त्या दिवसांत ग्रामस्थांच्या अंगी धैर्य होते आणि दक्षताही होती. उणीव होती ती पाहिलेल्या वस्तूची शहानिशा करून देणाऱ्या यंत्रणेची. वेळ, दिशा, दिव्यांचा रंग आणि आवाज यांची नोंद करून ती तत्काळ पोलीस ठाण्याला कळवावी, दगड किंवा बंदूक चालवू नये, पडलेल्या ड्रोनला हात लावू नये, आणि खातरजमा न झालेली वार्ता पुढे धाडू नये, एवढे शिक्षण शाळांतून व ग्रामसभांतून दिले गेले, तर गावोगावचे हजारो डोळे आणि कान या तटबंदीत सामील होतील.

रडार आणि लेसर यांसाठी कोट्यवधींचा खर्च राष्ट्राने करावाच, कारण त्यांवाचून गत्यंतर नाही. परंतु आपल्या हद्दीत कोणाचे ड्रोन केव्हा, कोठे आणि कोणत्या कामासाठी उडते याचा चोख हिशेब ज्या जिल्ह्याच्या कचेरीत आहे, आणि त्या हिशेबात न बसणारी वस्तू दिसताच ती निर्भयपणे व अचूकपणे कळविणारी रयत ज्या जिल्ह्यात आहे, तेथेच त्या महागड्या यंत्रांना आपले काम करण्यास पुरेसा वेळ मिळतो. हा हिशेब ठेवण्यासाठी नवा शोध लागण्याची वाट पाहावी लागत नाही. तो आजच सुरू करता येतो, आणि सोलापूरने तो आजच सुरू करावा.